पंधरावा ट्रे

स्टोअरबाईंनी एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाचं भांडार सांभाळलं, आणि एवढ्या काळात तिथून एक उशीचा अभ्राही बेपत्ता झाला नाही. म्हणजे एक झाला होता, पण साडेतीन महिन्यांनी एक डॉक्टर त्याच अभ्र्याने आपल्या गाडीची काच पुसताना दिसले. बाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला, धुऊन इस्त्री केला आणि पुन्हा जमेला धरला. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी नाव तेच राहिलं. इमारतीत त्यांना सगळे स्टोअरबाई म्हणत, फक्त दोघं सोडून. तळमजल्यावर सलून चालवणारा धाकटा भाऊ त्यांना ताई म्हणायचा, आणि मुलगा अर्थातच आई म्हणायचा. तोही हल्ली उसासा टाकून.

मुलगा लिफ्ट तपासनीस होता. दिवसभर लोकांच्या लिफ्ट वरखाली करून बघायचा, आणि संध्याकाळी आईच्या घराचे चार मजले पायी चढायचा. त्या इमारतीला लिफ्टच नव्हती. तपासायला काही नाही ही गोष्ट त्याला फार लागायची.

"आई, चार मजले आहेत. आणि तुझे गुडघे," तो म्हणायचा. "उद्या काही झालं तर?"

"आज काय झालं ते आधी सांग. आत्ता वर आलास तेव्हा धापा कोण टाकत होतं?"

"मी भरभर आलो."

"कशाला? मी काय पळून चालले होते?"

पण बोलण्यात हरला तरी कागदात हरणाऱ्यांतला तो नव्हता. एके दिवशी तो घरमालकाच्या नावे लिहिलेलं पत्रच घेऊन आला. 'मी सदर खोल्या या महिन्याअखेर सोडत आहे.' खाली आईच्या सहीपुरती जागा कोरी ठेवलेली. त्याच्या घरी आईसाठी खोली तयार होती, पडदे लागले होते, इमारतीला दोन लिफ्ट होत्या आणि दोन्ही त्याने स्वतः तपासलेल्या होत्या. सून शेजारी बसून नखं बघत होती. सासूबाई आहेत तिथेच छान आहेत असं तिचं मत होतं, पण काही मतं बोलून दाखवायची नसतात हे कळण्याइतकी ती हुशार होती.

"तुला एकटीला दिवसभर काही उद्योग नाही," मुलगा म्हणाला. "माणूस बसून राहिला की अवयव गंजतात."

"उद्योग नाही कसा?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट केलं.

खिडकीत लोखंडी मांडणी होती, आणि मांडणीवर गव्हांकुराचे ट्रे होते.

ही गोष्ट चार महिन्यांपूर्वी सुरू झाली. कोपऱ्यावरचा ज्यूसवाला सकाळी फिरायला जाणाऱ्यांना गव्हांकुराचा रस काढून द्यायचा. तो प्यायल्याने काय काय बरं होतं याची लांबलचक यादी त्याच्या भिंतीवर टांगलेली होती. बाईंनी ती वाचली होती. एकतीस वर्षं औषधांच्या शेजारी काढलेल्या माणसाने जशी वाचावी तशीच. "लोकांना प्यायला आवडतं, त्यांनी प्यावं. मला उगवायला आवडतं, मी उगवते," एवढंच त्यांचं म्हणणं. ज्यूसवाल्याला जो माणूस ट्रे पुरवायचा तो प्रत्येक ट्रेला दहा-अकरा दिवस लावायचा, आणि त्यातल्या तिसऱ्या ट्रेला बुरशी असायची. माल उशिरा येतो आणि खराब येतो हे ऐकल्यावर बाईंना झोप लागेना. जुनी सवय.

पहिला ट्रे त्यांचाही सडला. जास्त उगवावं म्हणून त्यांनी गहू दोन थर दाबून पसरले होते. चौथ्या दिवशी पांढरी लव आली, तेव्हा त्या स्वतःवरच हसल्या. ओला माल एकावर एक रचू नये हे त्यांनी किती पोऱ्यांना सांगितलं असेल. दुसऱ्या ट्रेपासून हिशेब बसत गेला. गहू रात्री कोमट पाण्यात भिजवायचे. सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधायचे, पण फ्रिजच्या मागे, जिथे ऊब असते तिथे. संध्याकाळी पांढरं टोक दिसलं की बोटभर मातीवर एकच थर द्यायचा, दाणा दाण्याला टेकेल पण दाण्यावर दाणा चढणार नाही असा. वर दुसरा ट्रे पालथा घालून दोन दिवस अंधार. झाकण काढलं की सगळं पिवळं दिसतं, नवशिक्याला वाटतं मेलं. सकाळी पिवळा असलेला तोच ट्रे दिवेलागणीपर्यंत पोपटी होतो. मग दिवसातून दोनदा फवारा, उकाडा असला तर तीनदा, आणि तळात पाणी साचू द्यायचं नाही. भिजवल्यापासून आठव्या सकाळी ट्रे वीतभर उंच. दहा दिवसांचं काम सातात आणलं याचा बाईंना असा काही आनंद झाला की त्यांनी भांडारातल्यासारखं एक रजिस्टरच उघडलं. ट्रे क्रमांक, भिजवल्याची वेळ, पेरल्याची वेळ, झाकण काढल्याची वेळ, उंची बोटांत, आणि शेवटी रुंद रकाना, शेरा.

मुलाने रजिस्टर चाळलं. कागद बघून तो जरा नरमला. शेवटी आईचाच मुलगा.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तपासणी करू. पंधरा दिवस, रोज एक ट्रे. हिरवा, वीतभर, आणि सकाळी सातच्या आत ज्यूसवाल्याच्या टेबलावर. चौथ्या मजल्यावरून तूच खाली न्यायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एक दिवस चुकला तर या पत्रावर सही."

"आणि नाही चुकला तर?"

"तर यंदा हा विषय काढणार नाही."

"यंदा खोड. पुन्हा कधीही, असं लिही. आणि वीत कुणाची? तुझीच धर. माझ्या हाताने मोजलं की उद्या म्हणशील आईचा पंजा लहान."

त्याने लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. एक प्रत त्याच्या हिरव्या फाइलमध्ये गेली, एक रजिस्टरात, जिथे ट्रेंचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले. घरमालकाचं पत्र बाईंनी डब्याखाली दाबून ठेवलं, कोऱ्या जागेसकट.

पहिले तेरा दिवस घड्याळासारखे गेले. बाई सहाला उठायच्या, ट्रे छातीशी धरून उतरायच्या, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून वीस आकडे मोजायच्या. येतानाही तिथेच थांबायच्या, वीसच मोजायच्या. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती आणि लपवलीही नव्हती. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. ज्यूसवाला बाईंची वाटच बघत असायचा. तो गिऱ्हाइकासमोर कात्रीने गव्हांकुर कापायचा, लोकांना त्याची मजा वाटायची, म्हणून त्याला ट्रे उभाच लागायचा. कापलेला माल तो घेत नसे.

"मावशी, तुमचा ट्रे बघून लोक फोटो काढतात," तो म्हणाला.

"ट्रेचेच काढू दे. माझा काढलास तर उद्यापासून माल बंद."

मुलगा रोज सातच्या आधी तिथे येऊन उभा राहायचा, ट्रेवर आपली वीत टेकवायचा आणि फाइलमध्ये बरोबरची खूण करायचा. तेरा खुणा झाल्या. बाईंनी सोळावा, सतरावा आणि अठरावा ट्रेही रीतसर पेरून टाकले होते, त्यावरून निकालाबद्दल त्यांच्या मनात काय होतं ते कळावं. खिडकीतल्या मांडणीवर ते सगळे ओळीने असायचे, उद्याचा वीतभर, परवाचा त्याहून कमी, मग चार बोटं, मग दोन. पायऱ्या पायऱ्यांनी उतरत गेलेले.

एक ट्रे मात्र रजिस्टरात नव्हता. भांडार सांभाळलेलं माणूस नोंदीबाहेर थोडं ठेवतंच. पंधराव्याबरोबर बाईंनी एक जास्तीचा पेरला होता आणि त्याचं झाकण काढलंच नव्हतं. टोकं झाकणाला लागली तेव्हा झाकणाच्या जागी उंच टोपली पालथी घातली आणि तो पलंगाखाली ढकलला. अंधारात तो किती वाढतो हे त्यांना बघायचं होतं. त्यांची समजूत अशी की अंधारातला उंच होतो, कारण तो उजेड शोधत असतो. पिवळा राहतो, पण उंच होतो. ही सगळी बाईंची खासगी बाब होती.

चौदाव्या दिवशी ट्रे पोचवून बाईंना पेन्शनच्या कचेरीत जायचं होतं. वर्षातून एकदा तिथे समोर उभं राहून आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागायचं. उकाडा होता, अकराचा फवारा चुकवून चालणार नव्हतं. त्या सलूनमध्ये शिरल्या आणि भावाच्या हातावर किल्ली ठेवली.

"अकराला वर जा. प्रत्येक ट्रेला फवारा, मोजून दहा. तळात पाणी साचलेलं दिसलं तर ओतून टाक. बाकी काही करायचं नाही."

"ताई, गेली बावीस वर्षं मी लोकांच्या डोक्यावर फवारा मारतोय. मला शिकवतेस?"

"डोकी तक्रार करतात. हे करत नाहीत, म्हणून सांगते."

कचेरीत त्यांच्या पुढे चाळीस माणसं आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायला बसली होती, त्यांतल्या दोघांना तर झोप लागलेली. बाई घरी परतल्या तेव्हा एक वाजला होता. दुसऱ्या मजल्यावर वीस आकडे झाले, चौथ्यावर दार उघडलं, आणि स्वयंपाकघरात येऊन त्या उभ्याच राहिल्या.

मांडणीवरच्या पायऱ्या नाहीशा झाल्या होत्या. पंधरावा, सोळावा, सतरावा, सगळे चार बोटं. दोरी लावल्यासारखे सपाट. कडासुद्धा गोलाईने घेतलेल्या. जमिनीवर एक पातं पडलेलं नाही, सगळं झाडून कचऱ्यात.

त्या पुन्हा खाली गेल्या. भाऊ एका गिऱ्हाइकाच्या कानाभोवती कात्री चालवत होता. बहिणीला बघून त्याचा चेहरा खुलला.

"बघितलंस? सगळीकडे उंचसखल झालं होतं. एक इकडे, एक तिकडे. मला बघवेना. मशीन नाही हं लावलं, मशीनने मुळं हलली असती. कंगवा धरून कात्रीनेच केलं."

"किती वाजता?"

"साडेअकराला. फवारा पण मारला, दहा दहा."

बाई बाकावर बसल्या. भांडारात काही गेलं तर आरडाओरडा करायचा नाही, आधी वेळ विचारायची, ही त्यांची पद्धत. वेळ कळली की बाकीचं आपोआप कळतं. भावाचं त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं तशी त्याची कात्री हळू झाली.

"ताई, उद्या पंधरावा ना?"

"उद्या पंधरावा."

"तो वीतभर लागतो?"

"लागत होता."

भावाने कात्री खाली ठेवली. गिऱ्हाईक आरशातून दोघांकडे बघत होतं, त्याचा एकच कान मोकळा झाला होता. "मी जाऊन सांगतो त्याला," भाऊ म्हणाला. "भाचा आहे माझा. म्हणतो चूक माझी. तुझ्या आईची नाही."

"अटीत चूक कुणाची असा रकाना नाही. तू आधी याचा दुसरा कान कर."

त्या बोलल्या शांतपणे, पण मनातल्या मनात त्यांनी सगळं मोजून काढलं होतं. चार बोटांचं वीत व्हायला निदान चार दिवस, तेही पातं विरळ येणार. हातात होते जेमतेम अठरा तास. ज्यूसवाल्याच्या जुन्या पुरवठादाराकडून ट्रे आणता आला असता, पण दुसऱ्याचा माल आपल्या नावावर चढवायचं काम त्यांनी एकतीस वर्षांत केलं नव्हतं. मग त्यांना पलंग आठवला.

वर जाऊन त्यांनी पलंगाखालचा ट्रे ओढला आणि टोपली उचलली. आतलं सगळं मेणबत्तीच्या रंगाचं होतं, एका बाजूला कललेलं, आजारातून उठल्यासारखं. पण उंची? बाईंनी मुलाच्या वितीएवढी कापून ठेवलेली दोरी लावली. वीत, आणि वर दोन बोटं. म्हणजे समजूत बरोबर निघाली. स्वतःची समजूत बरोबर निघाल्याचं सुख त्यांनी दोन क्षण घेतलं आणि मग कामाला लागल्या.

खिडकीतलं ऊन दोनला जायचं. झाकण काढलेला ट्रे हिरवा व्हायला दिवसभराचा उजेड लागतो हे त्यांनी पंधरा-वीस वेळा लिहून ठेवलं होतं. इथे दिवस निम्मा संपला होता. एवढा उजेड आता कुठे मिळणार याचा विचार करत असताना त्यांना एकच जागा सुचली, जिथे समोर आरसा, मागे आरसा आणि वर सहा ट्यूबलाइट होत्या, कारण तिथल्या माणसाला उंचसखल केस अजिबात बघवत नसत.

तीन वाजता पंधराव्याच्या जागी आलेला हा पाहुणा सलूनच्या मधल्या खुर्चीत बसला. भावाने खुर्ची वर चढवली आणि ट्रेभोवती पांढरं कापडही गुंडाळलं, उजेड खालून परत फेकला जावा म्हणून. केसांचे तुकडे उडू नयेत म्हणून त्या दुपारी त्याने नुसत्या दाढ्या केल्या. दर अर्ध्या तासाने तो पाण्याचा फवारा मारायचा आणि बहिणीकडे बघायचा.

"दहाच मारले."

"दिसलं."

शेजारचा चष्मेवाला दाढीला आला होता. त्याने मधल्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिलं. "माझा नंबर होता," तो म्हणाला, "पण म्हटलं, यांना घाई जास्त दिसते."

पाच वाजता टोकं किंचित पोपटी झाली. साडेपाचला, ज्याची कुणाला आठवण नव्हती तो, केस कापायला हजर झाला. मुलगा दर महिन्याच्या या आठवड्यात मामाकडे यायचा. तो दारातच थांबला.

"मामा, हे काय?"

"गिऱ्हाईक," मामा म्हणाला. "तुझ्या आधी आलंय."

"कापायचंय?"

"ते होऊन गेलं," मामा म्हणाला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. पायऱ्या, कंगवा, कडांची गोलाई, काही लपवलं नाही. उलट गोलाईबद्दल जरा जास्तच बोलला.

मुलाने आईकडे पाहिलं. आई बाकावर बसून जुनं मासिक चाळत होती. त्याने फाइल उघडली, अटींचा कागद काढला आणि पहिल्यापासून वाचला. मग पुन्हा वाचला.

"आई, हा पंधरावा नाही."

"कागदात पंधराव्या दिवशीचा ट्रे असं आहे. कुठल्या नंबरचा असं आहे?"

"नाही."

"मी उगवलाय. वीतभर आहे, तुझ्या वितीने. उद्या सातच्या आत मी खाली आणणार. राहिलं काय?"

"हिरवा," मुलगा म्हणाला. "हा हिरवा नाही, आई. हा जरासा हिरवट आहे. हिरवा म्हणजे," त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हातातली फाइल पुढे केली, "निदान एवढा तरी."

बाईंनी फाइलचं कव्हर नीट बघून घेतलं. "ठरलं. उद्या सकाळी फाइल आण."

तो शेजारच्या खुर्चीत बसला. मामाने त्याचे केस कापायला घेतले, मधल्या खुर्चीवर वर्तमानपत्र आडवं धरून. मुलगा आरशात बघत होता, पण स्वतःकडे नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "डावीकडून पिवळा राहतोय."

"राहू दे," आई म्हणाली. "तपासनीसाने मालाला हात लावायचा नसतो."

"मी कुठे लावतोय? मामाला सांगतोय. मामा, अर्धी खुर्ची फिरव ना."

मामाने खुर्ची फिरवली. नंतर त्याला सांगावं लागलं नाही. केस कापून झाल्यावरही मुलगा गेला नाही, बायकोला फोन करून उशीर होईल म्हणाला. कारण विचारल्यावर तो म्हणाला, "काम आहे, तपासणीचं."

नऊला सलून बंद व्हायची वेळ झाली, आणि तेव्हा मुलाच्या लक्षात आलं.

"आई, ट्रे चौथ्या मजल्यावरून खाली न्यायचाय."

"हो."

"तो तर खालीच आहे."

"म्हणजे आधी वर न्यायचा," बाई म्हणाल्या. "ही तुझीच अट. मी तर रोज रिकाम्या हाताने वर जाते."

त्यांनी ट्रे उचलला. चौदा दिवसांत भरलेला ओला ट्रे वर चढवायची ही पहिलीच वेळ. खाली नेताना वजन पुढे ओढतं, वर नेताना मागे, हे पहिल्या पाच पायऱ्यांतच कळलं. मुलगा मागून चालत होता, दोन्ही हात पुढे करून, पण न लावता. अट त्याने स्वतःच लिहिली होती. पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या वळणावर बाई थांबल्या.

"काय झालं? दुखतंय?"

"पंधरा. सोळा. बोलू नकोस, मोजतेय."

वीस झाले, बाई निघाल्या. तिसऱ्या मजल्यावर मागची पावलं ऐकू येईनाशी झाली. त्यांनी वळून पाहिलं. लिफ्ट तपासनीस पायरीवर बसला होता, गळ्याचं बटण उघडून.

"तू नाही थांबणार?" त्याने विचारलं.

"माझं थांबणं दुसऱ्या मजल्यावर झालं. तू तिथे मोजलं नाहीस, म्हणून तुला इथे बसावं लागतंय."

"एक लिफ्ट असती ना इथे..."

"तर तू ती तपासली असतीस आणि बंद करून ठेवली असतीस."

तो हसला. खरं होतं ते, मागच्या महिन्यात त्याने तीन बंद केल्या होत्या. चौथ्या मजल्यावर पोचल्यावर बाईंनी ट्रे स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली ठेवला आणि मुलाला पाणी दिलं. तो भिंतीला टेकून पीत होता. नजर डब्याखालच्या पत्रावर गेली, मग आईच्या गुडघ्यांवर, मग पुन्हा ट्रेवर.

"तू रोज दोन्ही वेळा थांबतेस तिथे?"

"उतरताना वीस, चढताना वीस. कमी नाही, जास्त नाही."

"मला सांगितलं नाहीस."

"तू नुसते मजले मोजायचास. कुठे थांबले ते विचारलं नाहीस."

पंधराव्या सकाळी सूनही आली होती. कुणी बोलावलं नव्हतं, पण निकाल काय लागतो यात तिचाही जीव अडकला होता. बाई सहा वाजून चाळीस मिनिटांनी ट्रे घेऊन ज्यूसवाल्याच्या टेबलाशी पोचल्या. ज्यूसवाल्याने मान तिरकी केली.

"मावशी, आज जरा फिका आहे."

"हा अंधारात वाढलाय. काल दुपारपासून उजेडात आहे. उंची घे, रंग बघ, चव घे, आणि नको असला तर सरळ नको म्हण."

मुलाने वीत टेकवली. दोन बोटं वर उरली. मग त्याने फाइल ट्रेच्या शेजारी धरली. सगळे वाकून बघू लागले, एक फिरायला जाणारे गृहस्थही थांबले. आणि तेव्हा दिसलं की फाइल अकरा वर्षांची होती. गाडीच्या काचेपाशी ठेवून ठेवून कव्हराचा रंग उडाला होता. ट्रे तिच्यापेक्षा चांगलाच हिरवा होता.

"कव्हर जुनं आहे," मुलगा पुटपुटला.

"मी सांगितलं होतं बदल म्हणून," सून म्हणाली. "पण नको, राहू दे आता."

ज्यूसवाल्याने कात्री लावली, मूठभर कापलं, यंत्रातून काढलं आणि पहिला पेला सुनेपुढे केला. ती एका घोटात प्याली आणि विचार करून म्हणाली, "रोजच्यापेक्षा गोड आहे."

"तू रोजचा कधी प्यालीस?" मुलाने विचारलं.

"नाही. पण याहून गोड नसणार."

ज्यूसवाल्याने स्वतः घोट घेतला. तुरटपणा कमी आहे, असाही एक ट्रे दर आठवड्याला चालेल, असं तो म्हणाला. मुलाने फाइल गाडीच्या टपावर ठेवली, पंधरावी खूण केली, खाली सही केली, तारीख घातली. मग आईचा हात धरून म्हणाला, "चल, वर सोडतो."

"चल. पण दुसऱ्या मजल्यावर थांबायचं."

"वीस मोजीन," तो म्हणाला.

वर आल्यावर बाईंनी डब्याखालचं पत्र काढलं. चांगला जाड कागद होता, टाकून देण्यासारखा नव्हता. ट्रेच्या तळाला भोकं असली की माती गळते, म्हणून खाली कागद घालावा लागतो. त्यांनी तो मापाने दुमडला, एकोणिसाव्या ट्रेच्या तळाला अंथरला, कोरी जागा वर येईल असा, आणि त्यावर बोटभर माती पसरली. मुलगा गव्हाचं फडकं हातात धरून उभा होता. एकच थर द्यायचा, दाण्यावर दाणा चढू द्यायचा नाही, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

मग त्यांनी रजिस्टर उघडलं. पंधराव्या क्रमांकापुढे भिजवल्याची वेळ, पेरल्याची वेळ, उंची, सगळं नीट भरलं. पलंगाखालच्या ट्रेलाही त्यांनी आता रीतसर ओळ दिली. शेवटच्या रुंद रकान्यात काय लिहावं याचा थोडा विचार केला, आणि लिहिलं: 'अंधारात उंची वीत अधिक दोन बोटं. आठवड्याला एक असा करावा. भावास किल्ली द्यावी, कात्री खाली ठेवून घ्यावी.'